चित्राची साथ

पेटीवर साथ करायला शिकणाऱ्याला पहिल्याच वर्षी एक गोष्ट बजावून सांगितली जाते: गायकाच्या पुढे जायचं नाही. त्याने घेतलेली जागा ऐकायची, मागोमाग ती पेटीवर उमटू द्यायची, तो श्वास घेईल तेव्हा सूर धरून ठेवायचा आणि तो समेकडे निघाला की वाट मोकळी करायची. बेळगावातल्या शहापुरात लहानपणी मी पेटी शिकले ती भजनाला बसता यावं म्हणून. आमच्या बेळगावला पंडित रामभाऊ विजापुऱ्यांसारखा (१९१७–२०१०) पेटीवादक लाभला. मोठमोठ्या गायकांना त्यांनी साथ केली, आणि साथ ही स्वतंत्र विद्या आहे असं मानणारं वातावरण त्यांच्यामुळे या गावात टिकलं. माझी पेटी पुढे मागे पडली, हाताखाली वेगळीच बटणं आली. पण आज एलईडी भिंतीसमोर लॅपटॉप आणि मिक्सर मांडून बसते तेव्हा मी साथच करत असते. सुरांच्या जागी चित्रं आहेत, एवढंच.

या कामाला जगभर व्हीजेइंग म्हणतात. आपल्याकडे व्हीजे म्हटलं की चॅनेलवर गाणी सांगणारी मुलंमुली डोळ्यांपुढे येतात. हा व्हीजे निराळा. समोर गाणं, वाद्य, नाटक, नाहीतर मिरवणूक चालू असते, आणि हा माणूस त्याच क्षणी अनेक चित्रफितींतून, कॅमेऱ्यांतून, रंगांतून एक चित्र घडवत असतो. आधी संपादन करून ठेवलेली फिल्म चालवणं वेगळं. इथे कुठली फीत कधी येणार, किती वेळ राहणार, दुसरीत कशी विरघळणार, हे समोरच्या कलाकाराकडे बघत ठरतं. एकदा दिलेलं चित्र परत घेता येत नाही.

मला हे पहिल्यांदा दिसलं मामाकडे. मामा लग्नाचं शूटिंग करायचा. त्याच्या खोलीत पॅनासोनिकचा एमएक्स मालिकेतला जुना मिक्सर होता, दोन व्हीसीआर होते आणि मधोमध तो दांडा, टी-बार. दांडा खाली ओढला की वधूच्या चेहऱ्यावर हळूहळू समईची ज्योत चढायची. मला वाटायचं, दोन चित्रं एकात एक मिसळणं सोपं असेल. तसं ते नाही. आपल्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक फ्रेमच्या ६२५ रेषा. दोन व्हीसीआर आपापल्या चालीने फिरतात, एकाची फ्रेम सुरू होते तेव्हा दुसऱ्याची अर्ध्यावर असते. ती तशीच मिसळली तर चित्र फाटतं, वर-खाली लोळायला लागतं. म्हणून मिक्सर एका बाजूची फ्रेम क्षणभर स्मृतीत धरून ठेवतो, दुसरीची वाट बघतो, दोघींची सुरुवात जुळवतो आणि मगच त्यांना एकत्र येऊ देतो. मिसळण्याआधी थांबावं लागतं, हे त्या पेटीएवढ्या यंत्राच्या रचनेतच आहे. मामा मात्र मला यंत्रापेक्षा माणसाबद्दल सांगायचा. कार्यालयात कुणी मंगलाष्टक म्हणायला लागलं आणि मी भराभर चित्रं बदलायला लागले की म्हणायचा, "घाई कशाला करूलीस गं? तो गाऊलाय, गाऊ दे की त्याला."

या कलेचा इतिहास शोधायला लागले तेव्हा सगळीकडे अमेरिका भेटली. १९६८ साली न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहात जोशुआ लाइट शोची मंडळी रॉकच्या मैफिलींमागे तेल, पाणी आणि रंग काचेच्या पसरट वाट्यांत हलवून पडदा जिवंत करत होती. १९७० च्या सुमाराला नाम जून पाइक या व्हिडिओ कलावंताने शुया आबे या अभियंत्याबरोबर व्हिडिओ सिंथेसायझर, म्हणजे चित्रं घडवणारं आणि वाकवणारं यंत्र, बांधला. स्टाइना वासुल्का ही मूळची आइसलंडची, शिकलेली व्हायोलिनवादक. तिने व्हायोलिनच्या आवाजावर व्हिडिओचं चित्र वाकवलं. स्टाइनाबद्दल वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. एका वाद्यावर बसलेला हात चित्राकडे वळू शकतो, हे माझ्याआधी कुणीतरी करून ठेवलं होतं.

पण मूळ शोधायला इतक्या लांब जायची गरज नाही, असं आता माझं ठाम मत आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, जोडीला निवेदन आणि संगीत, आणि दिव्यामागे बसलेला माणूस त्या निवेदनाच्या चालीवर काचा सरकवणारा. सिनेमा अजून जन्मायचा होता. त्याहून जवळचं उदाहरण आमच्या आंबोलीचा घाट उतरला की सापडतं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एका कथेच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. गाणारा एकेक चित्र समोर धरतो, गाता गाता पुढचं काढतो. चित्र कोणत्या शब्दावर बदलतं ते नीट बघा. ओळ संपल्यावर नाही, ओळ संपायच्या किंचित आधी. कान अजून मागच्या ओळीत असतात तेव्हा डोळे पुढे निघालेले असतात. मी सॉफ्टवेअरमध्ये कट मारते तो याच जागी, आणि ही जागा मला कुठल्या व्हिडिओ ट्यूटोरियलने दाखवली नाही.

शिकायला फार पैसे लागत नाहीत. कॅमेरा टीव्हीला जोडायचा आणि त्याच टीव्हीकडे रोखायचा. पडद्यात पडदा, त्यात पडदा अशी न संपणारी गुहा तयार होते. कॅमेरा किंचित कलता केला की गुहा भोवऱ्यासारखी वळते, झूम एक केस हलवला की फुलते किंवा मिटते. याला व्हिडिओ फीडबॅक म्हणतात. याच्यावर महिनेच्या महिने घालवावेत, कारण इथे हाताची हालचाल आणि चित्राची हालचाल यांच्यातलं नातं बोटांना कळतं. तेलपाण्याचा खेळही घरी होतो. खालून उजेड येईल अशी काच, तिच्यावर प्रयोगशाळेतला वॉच ग्लास म्हणजे काचेची पसरट वाटी, त्यात शाई घातलेलं पाणी आणि खोबरेल, वर दुसरा वॉच ग्लास, आणि डोक्यावर मोबाइलचा कॅमेरा. वरची काच तालात दाबली की रंगाचे थेंब तालात फुगतात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा मी या काचेवर दाबून पाहिल्या आहेत. बोट जड पडलं की लगेच दिसतं.

मग फिती गोळा करायच्या. इंटरनेटवर तयार फितींचे ढीग मिळतात. निऑनचे बोगदे, फिरणारे त्रिकोण, अवकाशयानं. त्या मी वापरत नाही. बेळगावच्या माणसासमोर बेळगावचं हलतं चित्र ठेवलं की त्याची मान ज्या तऱ्हेने वर होते, ते त्या त्रिकोणांनी कधी होत नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात पडताना उडणाऱ्या ठिणग्या, निपाणीकडच्या तंबाखूच्या पानांच्या शिरा, गोकाकच्या धबधब्याचं जूनमधलं तांबडं पाणी, खानापुरात कुंभाराच्या चाकावर वर चढणारी माती, उसाच्या गुऱ्हाळातली काहिलीवरची वाफ. सगळ्यांत जास्त शिकवलं ते वडगावच्या मागांनी. शेवट आणि सुरुवात जुळणारी, न थांबता फिरत राहणारी फीत म्हणजे लूप, व्हीजेचा कच्चा माल. आणि यंत्रमाग जन्मतःच लूप आहे. आडवा धागा नेणारा धोटा डावीकडून निघतो, उजवीकडे आदळतो, परत येतो, फणी ठोकते, आणि चित्र होतं तिथे परत येऊन पोचतं. कुठून कापायचं हा प्रश्नच उरत नाही. साधा माग मिनिटाला शंभराच्या वर धोटे मारतो, म्हणजे नाचायच्या गाण्याच्या लयीच्या अगदी आसपास.

लयीचं गणित मला आवडतं. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. पालच्या २५ फ्रेमच्या हिशोबाने साडेबारा फ्रेम. अर्धी फ्रेम नसते. तेच गाणं १२५ वर असेल तर ठोक्याला बरोबर १२ फ्रेम पडतात आणि लूप घट्ट बसतो. आता सॉफ्टवेअर फितीचा वेग ओढून-ताणून जुळवून घेतं, पण मूळ फीत कापतानाच हे मनात असलं तर चित्र अडखळत नाही. फीत साठवायची पद्धतही इथे महत्त्वाची. मोबाइलमधली एच.२६४ फाइल जागा वाचवण्यासाठी बहुतेक फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहून ठेवते, म्हणून तिला मध्येच कुठेही उडी मारणं किंवा उलटं चालणं जड जातं. डीएक्सव्ही आणि हॅप या पद्धतींत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि ती ग्राफिक्स कार्डवरच उलगडते. फाइल कितीतरी मोठी होते, पण बोट ठेवलं की फीत तत्काळ वळते. डच मंडळींचं रेझोल्यूम हे व्हीजेचं सॉफ्टवेअर याच कारणासाठी डीएक्सव्ही मागतं. साथ करणाऱ्याला सेकंदाचा विलंब चालत नाही.

चित्रावर चित्र ठेवण्याचे प्रकार अनेक आहेत, मी तीनच मनापासून वापरते. 'ॲड'मध्ये दोन्ही चित्रांच्या उजेडाची बेरीज होते. काळ्याची किंमत शून्य, म्हणून काळोखातल्या ठिणग्या मागाच्या ताण्यावर ठेवल्या की फक्त ठिणग्याच उतरतात, काळोख नाहीसा होतो. 'मल्टिप्लाय'मध्ये उलट, पांढरं विरतं आणि गडद उरतं. 'लुमा की'मध्ये उजेडाची एक पातळी ठरवायची आणि तिच्याखालचं सगळं पारदर्शक करायचं. तिन्हींत खरा कर्ता काळा रंग आहे. म्हणून मी शूट करतानाच पार्श्वभूमी काळी ठेवते, फाउंड्रीत रात्रपाळीला जाते, कुंभाराच्या मागे काळी चादर धरायला सांगते.

आणि याच काळ्यावरून मंडळांशी सगळ्यात जास्त बोलावं लागतं. बेळगावची तिथीप्रमाणे होणारी शिवजयंती ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती शब्दांत सांगणं कठीण आहे. नरगुंदकर भावे चौकातून चित्ररथांची मिरवणूक निघते ती पहाटेपर्यंत चालते. गल्लीगल्लीतली मुलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर शिवकाळातले सजीव देखावे उभे करतात. महिनाभर तालीम, उसन्या आणलेल्या ढाली, घरच्यांनी शिवलेले अंगरखे, खडूने आखलेल्या जागा. अलीकडे ट्रॉलीच्या पाठीला एलईडी भिंत आली. तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच, पी ३.९ म्हणजे दोन ठिपक्यांत ३.९ मिलिमीटर अंतर. भिंत अर्ध्या मीटरच्या चौकोनी तुकड्यांची, एका तुकड्यात १२८ गुणिले १२८ ठिपके, म्हणून अख्ख्या भिंतीचे ७६८ गुणिले ५१२. संगणकावर पालचं चित्र ७६८ गुणिले ५७६ धरतात. ट्रॉलीवरच्या एवढ्या मोठ्या भिंतीत मामाच्या जुन्या टीव्हीपेक्षा जास्त बारकावा मावत नाही! हे कळल्यावर बारीक रेघा, नाजूक नक्षी, लहान चेहरे मी सोडून दिले. मोठे आकार, सावकाश हालचाल, दोन-तीन रंग.

पावनखिंडीच्या देखाव्याला एका मंडळाला मागे धावते घोडे हवे होते, वीज चमकायला हवी होती. मी म्हटलं, बाजीप्रभू झालेला मुलगा महिनाभर दोन्ही हातांत तलवारी धरून उभं राहायला शिकलाय. मागे घोडे धावले तर त्याच्याकडे बघणार कोण? १३ जुलै १६६० ची ती लढाई भर पावसाळ्यातली. मी आंबोलीत घेतलेलं धुकं आणि पाऊस दिला, जवळजवळ काळा. मंडळातले एक आजोबा काळजीने म्हणाले, "अगं पोरी, पडदा बंद पडूलाय काय बघ की." मी त्यांना खाली, लोक उभे असतील तिथे नेलं. भिंत हा नुसता पडदा नसतो, तो दिवा असतो. रस्त्यावर उन्हासाठी बनवलेली ही भिंत पूर्ण तेजावर ठेवली तर समोरच्या पोरांचे चेहरे काळे ठिक्कर पडतात, बघणाऱ्याचे डोळे दुखतात. रात्री तिचं तेज पाव हिश्शावर, कधी त्याहून खाली आणावं लागतं. मग मागून येणारा निळसर उजेड पोरांच्या खांद्यांना, ढालींच्या कडांना लागतो आणि माणसं पार्श्वभूमीपासून सुटी होऊन उभी राहतात. विशाळगडावरून तोफांचे आवाज येतात त्या क्षणी मी भिंत एकदाच केशरी केली, सावकाश. बाजीच्या फेट्याची कड पेटल्यासारखी दिसली. आजोबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बोलले नाहीत काही.

बाबूराव पेंटर कोल्हापुरात संगीत नाटकांचे पडदे रंगवायचे आणि तिथून ते कॅमेऱ्याकडे गेले. त्या पडद्यांपुढे माणूस गायचा आणि पडदा त्याला जागा करून द्यायचा. आमच्या एलईडीला ते शील यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बेळगावात काम करताना आणखी एक गोष्ट मी ठरवून केली: पडद्यावर अक्षरं ठेवायची नाहीत. माझ्या समोर मराठी माणसं असतात, कानडी माणसं असतात, दोन्ही घरात बोलणारी असतात. भिंतीची टीम बहुतेकदा गोकाककडची, कानडी बोलणारी. एकाच भजनाच्या कार्यक्रमात तुकोबांचा अभंग होतो आणि पाठोपाठ पुरंदरदासांचं कानडी पद. अक्षर आलं की पहिला प्रश्न लिपीचा येतो, आणि या गावात तो प्रश्न फार जुना, फार दुखरा आहे. माझी मराठी मला प्रिय आहे, तिच्यासाठी जिथे बोलायचं तिथे मी बोलते. पण गाण्यामागचं अक्षर गाण्याला मदत करत नाही, लोक ऐकायचे थांबून वाचायला लागतात. अक्षरं काढल्यावर चित्राला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलं आणि माझं काम सुधारलं. हेडसेटवर आमची भाषा मिसळलेलीच असते. भिंतीवरचा गडी म्हणतो "स्वल्प तडीरी", मी थांबते. तो म्हणतो "बिडरी", मी सोडते.

बसायच्या जागेसाठीही मी अडून बसते. भिंत पुरवणारे मिक्सरवाल्याला भिंतीच्या मागे बसवतात, कारण तिथे केबल कमी लागते. साधी एचडीएमआय केबल पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. पण मागे बसून गायकाचा हात दिसत नाही, आणि हात दिसला नाही तर तान कुठे निघाली ते कळत नाही. एसडीआय केबलला तेच चित्र साठ-सत्तर मीटर नेता येतं. दोन छोटे कन्व्हर्टर आणि एक रीळ एवढाच जादा खर्च आहे, तो मी करते आणि श्रोत्यांच्या बाजूला बसते. कॅमेरा, मिक्सर, भिंतीचा प्रोसेसर, प्रत्येक जण एखाद-दोन फ्रेम खातो. पाच फ्रेमचा उशीर झाला तर सेकंदाचा पाचवा हिस्सा गेला. तबलजीची थाप आधी ऐकू येते, त्याच्यामागे मोठ्ठं दिसणारं बोट नंतर पडतं. ते बघवत नाही. म्हणून वाजवणाऱ्या हातांचं थेट चित्र मी जवळून दाखवत नाही. चेहरा दाखवते, ऐकणारा चेहरा. त्याला उशीर चालतो.

लखलखाटाबद्दल मात्र मी कुणाचं ऐकत नाही. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये एका कार्टूनच्या भागात लाल-निळा उजेड सेकंदाला बारा वेळा चमकला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा पडदा चमकू देऊ नये असा वेबसाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं पडद्यापासून हातभर अंतरावर असतात. डीजेवाले कितीही म्हणोत, स्ट्रोब नाही.

आता टचडिझायनर शिकतेय. हे सॉफ्टवेअर आवाजाचे खर्जापासून वरपर्यंतचे पट्टे सोडवून प्रत्येक पट्ट्याला चित्राची एकेक दोरी बांधू देतं. आवाज वाढला की आकार फुगतो, टाळ वाजला की ठिपके उडतात. बघणारे चकित होतात, मीही झाले होते. पण ते ऐकतं ते घडून गेलेलं. तबलजी तिहाई घेतो, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतो, तेव्हा भजनाला बसलेल्या म्हाताऱ्यालाही सम कुठे पडणार ते माहीत असतं, त्याची मान आधीच निघालेली असते. यंत्राची निघत नाही. म्हणून सम मी बोटाने देते, आणि मधल्या भरण्यासाठी यंत्राला मोकळं सोडते.

यंदा खानापूर तालुक्यातल्या एका गावाने सप्ताहाच्या कीर्तनाला बोलावलंय. एलईडी नको म्हणाले, ते बरंच झालं. मंडपाच्या छताला पांढरं कापड लावून त्यावर प्रोजेक्टर टाकणार आहे, म्हणजे वारकऱ्यांच्या डोळ्यांवर उजेड येणार नाही. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे खर्जाच्या बाजूला, स्वतंत्र माइक हवा, नाहीतर जनरेटरची घरघर त्याच्याच खालच्या पट्ट्यात शिरते. धुम्याला लावलेली कणीक वाळत जाते तसा त्याचा आवाज वर सरकतो, आणि मी आधी बांधलेली पातळी चुकायला लागते. पखवाजवाले दादा म्हणाले, अभंग संपला की मी कणीक ओली करून बसवतो, तेव्हा तुम्हीही तुमचं लावून घ्या. तसं ठरलंय. टाळांच्या उंच पट्ट्याला काय द्यायचं ते अजून पक्कं नाही, सध्या वडगावच्या धोट्याची फीत लावून बघतेय.